गुडघा बदलायचा, पण कोणत्या देशात?

ऑपरेशनच्या आधीचं वर्षभर मी जिना आडवी होऊन उतरत होते. दोन्ही हात कठड्यावर, डावा पाय खालच्या पायरीवर, मग उजवा त्याच्या शेजारी, मग पुन्हा डावा. दुखरा पाय आधी खाली टाकायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, गुडघ्यानंच शिकवलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "सांधा बदलावा लागेल. कधी, ते तुम्ही सांगा." त्याच रात्री फोन सुरू झाले. मी परदेशात राहते. मायदेशातला भाऊ म्हणाला, इकडे ये, आम्ही सगळे आहोत. मुलगा म्हणाला, इतकी वर्षं विम्याचे हप्ते भरतेस ते कशासाठी, इथेच कर. एक मैत्रीण म्हणाली, कुठेच करू नकोस, व्यायाम कर.

तिघांची मनं माझ्यासाठी तुटत होती, पण तिघांच्याही डोळ्यांसमोर ऑपरेशनचाच दिवस होता. माझ्याही. कोणता सर्जन, कोणतं हॉस्पिटल, रोबो आहे का, एवढंच मी विचारत होते. खरं म्हणजे ऑपरेशन दीड-दोन तासांत आटपतं. गुडघा घडतो तो पुढच्या तीन महिन्यांत. परदेशात राहणाऱ्यानं हा निर्णय त्या तीन महिन्यांपासून मागे मोजत यावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. तसाच तो इथे उलगडून सांगते.

आत नेमकं काय होतं

"गुडघा बदलणे" म्हटलं की अख्खा सांधा उपटून दुसरा बसवणार असं वाटतं. तसं होत नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, दोन्हीकडून साधारण आठ-दहा मिलिमीटर हाड तासतात. वर कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूची टोपी बसते, खाली धातूची, बहुतेक वेळा टायटॅनियमची, चकती आणि दोघांच्या मध्ये पॉलिइथिलीन नावाचं कडक प्लॅस्टिक. किडका दात घासून त्यावर कॅप बसवतात, त्याच जातीचं हे काम आहे. दोन्ही बाजूंचे स्नायुबंध तुमचेच राहतात. म्हणूनच नवा गुडघा चालतो कसा, हे धातूइतकंच भोवतालच्या स्नायूंवर अवलंबून असतं.

झिजते ती कूर्चा, हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात, म्हणजे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, ताणलेल्या ऊती. त्यामुळे एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. झीज मोजायची ० ते ४ ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडली, ती आजही वापरतात. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोज हिंडणारी माणसं असतात, आणि दुसऱ्या श्रेणीत रात्र रात्र जागणारीही. नुसत्या "हाडाला हाड लागलंय" या वाक्यावर ऑपरेशन ठरवू नका.

इथे दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढला की सांध्यातली फट फसवी दिसते. आणि खुब्याचा सांधा खराब असला तरी कळ गुडघ्यात येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी खुबा फिरवून पाहिला का, याकडे लक्ष द्या.

आधी "करायचं का", मग "कुठे"

परदेशात असलं की "कुठे" हा प्रश्न इतका मोठा होतो की "करायचं का" हा मागेच राहतो. माझं तसंच झालं होतं.

डेन्मार्कमध्ये झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. सांधा बदलण्याजोग्या १०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर व्यायाम, आहार, औषधं वगैरे. दुसऱ्या गटाला ऑपरेशन सोडून बाकी सगळं. वर्षानंतर ऑपरेशनवाल्यांची सुधारणा दुसऱ्या गटाच्या साधारण दुप्पट होती. पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच बऱ्याच जास्त झाल्या. आणि ऑपरेशन न झालेल्या ५० जणांपैकी फक्त १३ जणांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं. बाकीच्यांचं तेवढ्यावर निभावलं. मी यातून घेतलं ते असं: ऑपरेशन खरंच जोरकस उपाय आहे, आणि तरीही नीट व्यायामाला तीन महिने देऊन पाहण्यात काही बुडत नाही. नीट म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, मांडीचा पुढचा स्नायू थरथरेपर्यंत. सकाळचा फेरफटका त्यात धरायचा नाही.

वजनाचा हिशेबही ऐकून ठेवा. शरीराचं एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. काठी घेणार असाल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे बरं वाटतं, पण ते घेतल्यावर लगेच सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून दोन्हींत साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. तारीख मिळायची वाट पाहत असताना कुणी "सहज" इंजेक्शन सुचवलं तर हे आठवा.

आता ऑपरेशनच्या बाजूनं बोलू, कारण तीही बाजू भक्कम आहे. २०१९ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. वयानुसार चित्र बदलतं. सत्तरीनंतर केलेला गुडघा आयुष्यात पुन्हा करावा लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के, पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांत मात्र ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. आणि एक आकडा सर्जनच्या खोलीत दबक्या आवाजात सांगितला जातो, तो मोठ्यानं सांगायला हवा: दर पाच जणांत साधारण एक जण ऑपरेशननंतरही समाधानी नसतो. एक्स-रे उत्तम, टाके उत्तम, आणि तरी दुखतं. नवा गुडघा वीस वर्षांपूर्वीचा गुडघा नसतो. बहुतेकांचा तो ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. गुडघे टेकणं अनेकांना नकोसं होतं.

मग ठरवायचं कसं? ऑक्सफर्ड नी स्कोअर नावाची बारा प्रश्नांची यादी आहे, १९९८ पासून वापरात. किती चालता येतं, खुर्चीतून उठताना किती दुखतं, रात्री जाग येते का, जिना उतरता येतो का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ४८, आणि जितके जास्त तितका गुडघा बरा. मी तो दर महिन्याच्या एक तारखेला भरायचे आणि वहीत आकडा लिहायचे. नीट व्यायाम करूनही सहा महिने आकडा उतरतच गेला, तेव्हा माझा निर्णय झाला. आजच्या दिवसाचं दुखणं फार दिशाभूल करतं, सहा आकडे एकाखाली एक पाहिले की धीर येतो.

थांबण्यालाही मर्यादा आहे. पाय सरळच होईनासा झाला, मांडी बारीक झाली, घराबाहेर पडणं बंद झालं, इतकं थांबलात तर ऑपरेशननंतरही तुम्ही कमीच गाठता. नवा गुडघा कुठवर जाईल हे जुना कुठून निघाला त्यावर पुष्कळ ठरतं.

ते नव्वद दिवस

बहुतेक हॉस्पिटलांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. चार-पाच दिवसांत, अनेक ठिकाणी त्याहून लवकर, घरी. दहा ते चौदा दिवसांत टाके किंवा पिना निघतात. इथवर बरीच माणसं तुमच्याभोवती असतात. खरी परीक्षा त्यानंतर असते.

या काळात गुडघ्याला दोन गोष्टी शिकायच्या असतात: पूर्ण सरळ होणं आणि वाकणं. सगळे वाकण्याच्या मागे लागतात, पण सरळ होणं अधिक मोलाचं आहे, कारण पाय जरासा जरी वाकलेला राहिला तर माणूस कायम लंगडतो. मी पलंगावर बसून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायचे, गुडघा हवेत मोकळा. मग मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबायची. दहा सेकंद. पहिल्या आठवड्यात गादी आणि गुडघा यांच्यामधून माझा तळहात आरपार जायचा. तिसऱ्या आठवड्यात बोटं अडकायला लागली. सहाव्या आठवड्यात बोट शिरेना, त्या दिवशी मी एकटीच खोलीत रडले. आनंदानं.

हे दिवसातून तीन-चार वेळा करायचं असतं, आणि ते दुखतं. गोळी घ्यायची, अर्धा तास थांबायचं, व्यायाम करायचा, मग पाय छातीच्या वर उचलून बर्फ. रात्री झोप लागत नाही, कारण कुशीवर वळता येत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मन खचतं. "हे करून बसले कशाला" असं जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी वाटतं. तेव्हा घरात कोण असणार, हा प्रश्न सर्जनच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे.

वाकणं अडलं आणि ते वेळेत लक्षात आलं नाही, तर आतमध्ये चिकटपणा धरतो. मग भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागतो, आणि तोही साधारण पहिल्या तीन महिन्यांतच नीट साधतो. त्यासाठी कोणीतरी दर आठवड्याला कोनमापक लावून मोजणारं हवं. खुर्चीतून हात न टेकता उठायला शंभरच्या आसपास अंश लागतात, म्हणजे नव्वदवर समाधान मानून चालत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताच्या गुठळ्यांची. गुडघा बदलल्यावर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त आणि तीन महिन्यांपर्यंत वाढलेला असतो. चार तासांहून लांबच्या प्रवासात, निरोगी माणसातही, हा धोका साधारण दुपटीनं वाढतो. हे दोन धोके एकावर एक रचू नयेत म्हणून ब्रिटनच्या आरोग्यसेवेसह अनेक ठिकाणी सांगतात की सांधा बदलल्यावर तीन महिने लांबचा विमानप्रवास टाळा. मायदेशी जाऊन ऑपरेशन करायचं म्हणजे तिकडे तीन आठवडे, असं नियोजन करणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते: तीन महिने धरा, जमत नसेल तर पुढे ढकला. पोटरी अचानक सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तातडीच्या विभागात जायचं.

इथे की तिथे

आता हा प्रश्न सोपा होतो. दोन्ही देशांसाठी एकेक कोरा कागद घ्या आणि बारा आठवडे लिहा. प्रत्येक आठवड्यापुढे: रात्री घरात कोण, फिजिओ कोण आणि तिथे पोहोचणार कसं, जखमेतून पाणी आलं तर फोन कुणाला. ज्या कागदावर कमी रकाने रिकामे राहतात तो देश.

माझ्या एका ओळखीच्या बाई मायदेशी गेल्या. ऑपरेशन सुंदर झालं. रजा संपली म्हणून पाचव्या आठवड्यात परतल्या. इथे फिजिओची वेळ मिळायला महिना गेला, कारण इथल्या कुणाच्याच यादीत त्या नव्हत्या. तोवर गुडघा ७५ अंशांवर अडकला आणि भूल देऊन वाकवावा लागला. चूक कुठल्याच डॉक्टरची नव्हती, दोन देशांच्या मधली फट कुणाच्याच हद्दीत येत नव्हती. याउलट दुसरे एक गृहस्थ एकटे राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते चार महिन्यांची बिनपगारी रजा काढून बहिणीकडे गेले आणि तिथल्याच फिजिओकडे पूर्ण बरे होऊन परतले. त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं.

मी इथेच केलं. नवरा घरून काम करतो, झोपायची खोली तळमजल्यावर हलवता आली आणि फिजिओ दहा मिनिटांवर. भाऊ रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझे व्यायाम मोजायचा. माया फोनवरून पोहोचते, उशी मात्र सरकवता येत नाही, हे आम्ही दोघांनी मान्य केलं होतं.

पैशांची बाजू पाहताना पॅकेजच्या रकमेवर थांबू नका. प्रवासविमा ठरवून केलेलं ऑपरेशन देत नाही आणि त्यातून उद्भवलेली गुंतागुंतही बहुधा देत नाही. युरोपीय आरोग्य विमा कार्डही ठरवून दुसऱ्या देशात घेतलेल्या उपचाराला चालत नाही, त्यासाठी आधी वेगळी मंजुरी काढावी लागते. खाजगी विम्यात जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो, पूर्वमंजुरी असते, ठरावीक हॉस्पिटलांची यादी असते. हे सगळं लेखी मागा. राहण्याचा परवाना किती काळ देशाबाहेर राहू देतो, तेही तपासा. सरकारी सेवेत रांग लांब असेल तर निर्णय पक्का नसतानाही नाव घालून ठेवा. पाळी आल्यावर नाही म्हणता येतं, आणि रांगेतले महिने मांडी मजबूत करायला मिळतात. दातांची कामं उरकणं, साखर ताब्यात आणणं, तंबाखू किमान महिनाभर आधी सोडणं, हेही याच काळात.

आणखी एक, ज्याचा विचार फार थोडे करतात. ऑपरेशन एका देशात झालं आणि त्रास दुसऱ्या देशात सुरू झाला, तर दुसऱ्याच्या टाक्यांना हात लावायला सर्जन कचरतात. बाहेर करायचं ठरलं असेल तर निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना सरळ विचारा: परत आल्यावर माझी तपासणी तुम्ही कराल का? उत्तर कागदावर घ्या.

सर्जनला मात्र एवढंच विचारा की वर्षाला किती गुडघे करता आणि अर्धाच गुडघा बदलून भागेल का. एकाच बाजूची झीज असेल तर अर्ध्यावर भागतं, बरं लवकर होतं, पण पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता जास्त. रोबोनं काप अचूक येतो. त्यानं रुग्णाचं दुखणं मोठ्या फरकानं कमी होतं असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, म्हणून रोबोसाठी देश बदलू नका. दोन्ही गुडघे एका बैठकीत करून एक रजा वाचवायचा मोह होतो, पण त्यात हृदयावरचा ताण आणि गुठळ्यांचा धोका वाढतो.

दुखणं दुसऱ्या भाषेत सांगताना

कळ, ठणका, चमक, सल, आग, ओढ, आखडणं, भरून येणं. आपल्या भाषेत गुडघा किती तऱ्हांनी दुखतो! परक्या भाषेत या सगळ्यांचं मिळून एकच "दुखतं" होतं, आणि डॉक्टर शून्य ते दहामधला आकडा मागतात. मी दोनदा "पाच" सांगून आले. मग फिजिओनं सुचवलं की आकड्याऐवजी काय बंद झालं ते सांगा. तिसऱ्या वेळी मी सांगितलं: रात्री दोनदा उठते, दहा मिनिटांत थांबावं लागतं, जिना आडवी होऊन उतरते. त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मागा. अनेक हॉस्पिटलांत ती सोय असते. संमतीपत्रावर सही करताना शेजारी दुभाषा हवा, घरचं माणूस पुरेसं नाही. मायेपोटी घरची माणसं धोके गाळून सांगतात.

सोबत बाळगायचे कागद

बसवलेल्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, माप, लॉट क्रमांक. ऑपरेशनच्या वेळी ती काढून रुग्णाच्या कागदांवर चिकटवतात. तिची प्रत मागून घ्या आणि फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. पंधरा वर्षांनी, तिसऱ्याच देशात, फक्त मधलं प्लॅस्टिक बदलायचं झालं तर ते त्याच मॉडेलचं आणि मापाचं लागतं. चिकटपट्टी नसेल तर आत काय आहे याचा अंदाज करण्यात वेळ जातो. सोबत ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि एक्स-रेच्या मूळ डिजिटल फाइल्स घ्या. विमानतळावरचं यंत्र धातूमुळे वाजू शकतं, आधीच सांगितलेलं बरं. वेदनाशामक गोळ्या नेताना डॉक्टरांची चिठ्ठी हवी. ट्रॅमाडॉलसारखं औषध काही देशांत नियंत्रित यादीत आहे आणि ते सामानात सापडणं गंभीर ठरू शकतं.

वर्षभर गुडघा थोडा गरम आणि फुगलेला राहिला, आतून टकटक वाजला, जखमेच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहिली, तर ते नेहमीचं आहे. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. कित्येक महिने चांगला चाललेला गुडघा अचानक दुखू लागला, लाल झाला, ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, वर्षं उलटून गेली असली तरीही. अशा वेळी घरातल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, दुसऱ्या देशातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून फोनवर लिहूनही घेऊ नका. अंगात फार थंडी भरली, चक्कर आली, माणूस गळून गेला, तर सरळ तातडीच्या विभागात. एरवी त्याच दिवशी जवळचा हाडांचा विभाग गाठायचा, चिकटपट्टीचा फोटो दाखवायचा आणि आधी सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवा म्हणायचं. गोळ्या आधी पोटात गेल्या तर त्या पाण्यात जंतू सापडत नाहीत.